काकांच्या तेरवीची टोपी

काका वारल्याचा फोन आला, मी गाडी काढली, आणि वाटेत मालेगावच्या स्टँडवर थांबून त्यांच्यासाठी अर्धा किलो गरम जिलेबी घेतली.

यात गूढ काही नाही. वाशीमहून जऊळक्याच्या वावरात जायचं म्हणजे त्या दुकानावर थांबायचं, हे माझ्या हातापायांना पाठ झालेलं. दुकानदारानं नेहमीसारखं विचारलं, "काका कसे हायेत?" मी नेहमीसारखं सांगितलं, "मजेत." पिशवी हँडलला अडकवली आणि निघालो. पुढे रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी चालली होती. तिचे डबे संपता संपेनात, आणि ते बघत उभा असताना मला आठवलं की आपण कशासाठी चाललो आहोत. तरी पिशवी टाकवेना. अन्न कसं टाकायचं? शिवाय गरम होतं.

तर काकांच्या अंगणात माझा प्रवेश असा झाला: भावकीतले लोक डोक्याला रुमाल बांधून भिंतीकडेला उभे, काका खाटेवर पांढऱ्या धोतराखाली, आणि मी, थोरला पुतण्या, ज्याच्या हातून अग्नी द्यायचा, तो हातात जिलेबी घेऊन. एका चुलतभावानं तोंड फिरवलं, ते रडू लपवायला की हसू, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. काकांच्या शेजारच्या खोलीत राहणारी लहानी आई पुढे आली. "आन इकडं, बाबू," म्हणाली, पिशवी घेतली आणि आत नेऊन फडताळात ठेवली. मग बाहेर आली, डोक्यावरचा पदर आणखी खाली ओढला आणि गोठ्यापाशी बांधलेल्या बकरीला म्हणाली, "पानी तापलं म्हना. आंघोळीले घ्या."

बकरीला का, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, दुःखानं बाईचं डोकं फिरलं.

काकांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, याच्या आमच्या घराण्यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही मीच सांगतो. शेती मला जमली नाही, नोकरी जेमतेम जमली, म्हणून घराण्याच्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं. माणूस गेलं की लोक माझ्याकडे बघतात. खरं कारण मला माहीत नाही. काकांना विचारलं की ते म्हणायचे, "गाडी चुकली." आणि रुळाकडे हात दाखवायचे. त्यांचं वावर रुळाला लागून होतं. जेवण, झोप, बैलांचं पाणी, सगळं गाड्यांवर चालायचं. लहान लाइन उखडून मोठी टाकायचं काम निघालं आणि गाड्या बंद झाल्या, तेव्हा काकांना कितीतरी दिवस भूकच लागेना. लागायची ती भलत्या वेळी लागायची.

वाटणी झाली तेव्हा त्यांनी गावातलं घर आमच्या वडिलांना दिलं आणि आपण वावरात टिनाच्या दोन खोल्या बांधून राहिले. एका हंगामात तांड्यावरून एक नवरा-बायको कापूस वेचायला आले. वेचणी संपली की ते ऊसतोडीला जाणार होते. पण नवऱ्याला कावीळ झाली. टोळीचा ट्रक निघून गेला. काकांनी दुसरी खोली रिकामी करून दिली, "बरा होईस्तोर." तो बरा झाला. ट्रक पुढच्या वर्षीही आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. हे दोघे काही त्यात बसले नाहीत. दोन चुली होत्या त्यांची एक चूल झाली. कधी झाली ते कोणाच्या ध्यानात नाही.

काका त्याला लहाना म्हणू लागले, तो काकांना मोठा म्हणू लागला. त्यांची पोरं काकांना मोठे बाबा म्हणत मोठी झाली. आम्हीही मग लहानेबाबा, लहानी आई म्हणू लागलो. भावकी मात्र लहानेबाबांना शेवटपर्यंत सालदारच, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडीच, म्हणत राहिली. साल धरणं कधीच संपलं होतं, पण भावकीची जीभ एकदा वळली की वळली.

आता लहाना झाला म्हणजे त्याच्या बायकोला काका जेठ, म्हणजे थोरले दीर, लागले. जेठापुढे डोक्यावरून पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही तिची रीत. घरात मोठी माणसं तिघंच, नवरा दिवसभर संत्र्याच्या झाडांत, आणि बोलायचं तर असायचंच. म्हणून ती बकरीला सांगायची. "ताक ठेवलं म्हना वट्यावर." "दवाई घेतली का म्हना." काका बकरीकडे बघून उत्तर द्यायचे, "घेतली म्हना." बकऱ्या किती बदलल्या, पण हे बदललं नाही. आम्ही पोरं हसून लोळायचो. मालकापुढे कोणी असा पदर घेत नाही, हे मला बरंच उशिरा उमगलं.

तर त्या दिवशी तिनं बकरीला पाणी तापल्याचं सांगितलं. खाटेवरून उत्तर आलं नाही. ती थोडा वेळ थांबली आणि मग आत गेली.

मी अग्नी दिला. मडकं धरलं, फेरे मारले, दगडानं छेद केला, सगळं सांगतील तसं केलं. मला काहीच होत नव्हतं. रडू येईल म्हणून मी आतून तयार राहिलो होतो, खिशात मोठा रुमाल घेतला होता. त्याऐवजी लक्ष भलतीकडेच. कोणाच्या तरी चपलेचा अंगठा तुटला होता तो दिसला. सरण रचणाऱ्यानं बाभूळ खाली घातली की कडुलिंब, यावर दोघांचा वाद चालला होता, तो मी मन लावून ऐकला. परत येताना लोक म्हणाले, "लय खंबीर आहे बापा हा." माझ्या उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी खंबीर म्हटलं आणि तेही चुकून.

लहानेबाबा सगळ्यांच्या मागून चालत आले होते. खांदा त्यांनी दिला, कारण खांद्याला कोणी नाही म्हणत नाही.

पुढचे दिवस मी रजा टाकून वावरातच राहिलो. बायको दोन दिवसांनी आली. लहानी आईनं चूल चालू ठेवली, पण भाजीला फोडणी नाही, देवापुढे दिवा नाही. लहानेबाबा खाली घोंगडीवर निजायचे. भावकीपैकी सुतक इतकं कडक पाळणारं कोणी नव्हतं. मी स्वतः एकदा फाट्यावर जाऊन तळलेली भजी खाऊन आलो. चव कळली नाही, त्यामुळे ते धरू नये असं माझं म्हणणं आहे.

दहाव्याला नदीवर गेलो. न्हावी पाटावर बसला आणि भावकीतले पुरुष एकेक करून डोकं पुढे करू लागले. माझं आटोपलं. माझ्या डोक्याला वेळ लागत नाही, निसर्गानं बरंच काम आधी केलं आहे. माझ्यामागून लहानेबाबा येऊन बसले. न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तरा चालवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "तुमी कोन लागता?"

"भाऊ."

भावकीत आमचे एक आबा आहेत. आता सगळ्यांत म्हातारे तेच. ते दगडावर बसून धोतर वाळवत होते. ते म्हणाले, "भाऊ कायचा? सालदार हाय तो."

न्हाव्याचा हात थांबला. डोक्याची उजवी बाजू साफ झाली होती, डावीकडे पांढरे केस तसेच होते.

"मंग आता काय करू?" त्यानं विचारलं. "अर्धं झालं."

लहानेबाबा मान खाली घालून तसेच बसले होते. शेवटी न्हावीच म्हणाला, "असं तं बाजारात बी सोडता येत नाई मानसाले," आणि उरलेलं उरकलं.

आबा वाटेत माझ्या शेजारून चालत होते. "डोकं केलं तं केलं," ते म्हणाले. "टोपी कोन घालनार त्याले? पाह्य बाबू, तू शिकलेला हायेस. आज टोपी, उद्या सातबारा."

टोपीचं असं आहे. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला तेरवीच्या दिवशी ओळीनं बसवतात, आणि त्याच्या सासरचे लोक येऊन त्याला टोपी आणि दुपट्टा घालतात. म्हणजे, झालं ते झालं, आता दुखवट्यातून ऊठ, कामाला लाग. टोपी सासरचीच लागते. स्वतःची स्वतःला घालता येत नाही. माझे वडील गेले तेव्हा काकांची पंचाईत झाली होती, कारण काकांना सासरच नव्हतं. तेव्हा लहानेबाबांचे साळे, म्हणजे लहानी आईचे भाऊ, तांड्यावरून टोपी-दुपट्टा घेऊन आले आणि काका ओळीत बसलेले असताना त्यांनी त्यांना टोपी घातली. भावकी तेव्हा हसली होती. पण टोपी घातल्याशिवाय काका उठले नव्हते, आणि तोवर संत्र्याच्या बागेत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. सुतकात झाडाला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा.

तोच कायदा आता लहानेबाबा पाळत होते, आणि नेमकी बाग ताणावर होती. संत्र्याला फूल यावं म्हणून थंडीत पाणी तोडतात. झाडं पानं मिटून, अंग आखडून उभी राहतात. मग वेळ साधून पाणी सोडायचं, की बहार फुटतो. वेळ टळली की झाड पानं गाळतं, आणि त्या वर्षीचं सगळं जातं. वेळ आली होती. त्यांचा पोरगा ऑटो चालवणारा, त्याला बागेतलं कळत नाही. मला तर कशातलंच कळत नाही. लहानेबाबा मोटरीच्या खोलीपाशी दगडावर बसून झाडांकडे बघत राहायचे. आत जायचे नाहीत.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"साळ्याईले फोन लावला होता," ते म्हणाले. "तिकडं कोल्हापुराकडं हायेत, फडात. मुकादम सोडत नाई म्हनते. पट्टा पडल्यावर येतो म्हनते."

पट्टा पडणं म्हणजे गळीत हंगाम संपणं. त्याला महिने होते.

"बाबू, टोपी नाई घातली तं मानूस सुतकातच राह्यते का?"

"तसं काही नसतं, लहानेबाबा. शास्त्रात..."

"शास्त्र राहू दे. मी तुले इच्यारून राह्यलो."

मी म्हणालो, "बघू." हा माझा आवडता शब्द आहे. त्यात होही बसतं, नाहीही बसतं आणि मीही बसतो.

"मोठा असता तं त्यानं सांगतलं असतं," ते म्हणाले. "मले त्यानं भाऊ म्हनलं म्हून मी बसलो न्हाव्यापुढं. आता उठवाले कोनी नाई. असाच बसून राह्यलो तं झाडं जातीन."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हिशेबाचं बोलावं तसं ते म्हणाले. मी मान हलवली आणि हे सगळं जसंच्या तसं बायकोला जाऊन सांगितलं. ती गहू निवडत होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "बरं." गहू निवडणं काही थांबलं नाही.

तेरवीला वावरातच मांडव घातला. आचारी मालेगावचा. पुरुषांची ओळ मांडवाच्या एका बाजूला, पाटांवर. सगळ्यांची डोकी तुळतुळीत, सगळ्यांच्या अंगावर सारखे पांढरे सदरे. दुकानात एकच गठ्ठा उघडला होता. मी पहिला. लहानेबाबा ओळीत नव्हते. ते मांडवाच्या खांबापाशी उभे होते, डोकं केलेलं, हात बांधलेले. पाहुणे त्यांच्यासमोर आले की घुटमळायचे. याला भेटायचं की नाही, हे डोक्यावरून ठरत नव्हतं.

माझा साळा रिसोडकडचा. साधा माणूस. तो पिशवी घेऊन आला आणि पाय धुवायला नळावर गेला. तेवढ्यात आचाऱ्यानं मला हाक मारली, वरणात मीठ किती म्हणून. आचाऱ्यानं वरणातलं मीठ मला विचारावं, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी उठलो आणि गेलो. जाताना मागून बायकोचा आवाज ऐकला, "लहानेबाबा, घडीभर बसा त्याहिच्या पाटावर. जागा धरा. हे आलेच."

जागा धरणं आमच्याकडे कोणी नाकारत नाही. बसमध्ये धरतात, पंगतीत धरतात. लहानेबाबा बसले.

मी पळीभर वरण चाखलं. मीठ ठीक होतं. मागे वळलो तर माझा साळा पहिल्या पाटापुढे वाकलेला. त्यानं कपाळाला गंध लावलं, पांढरी टोपी ठेवली, खांद्यांवर दुपट्टा पांघरला आणि पायांना हात लावून म्हणाला, "उठा आता, दाजी. कामाले लागा."

ओळीतली सगळी डोकी तिकडे वळली.

"अरे ए," आबा म्हणाले, "तो तुहा दाजी नोहे."

साळा मागे सरला आणि निरखून पाहू लागला. "मंग कोन हाय? सगळ्याईचे डोकशे सारखेच दिसून राह्यले मले."

"काढ ती टोपी. सालदाराले कायची टोपी."

लहानेबाबांचा हात टोपीकडे गेला. ते ती उतरवणारच होते. बायकांच्या बाजूनं माझी बायको बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

"तेरवीची घातलेली टोपी काढत नसतात, आबाजी. काढली तं घरात आनखी एक जाते म्हनतात. वयानं मोठं असते ते."

अशी काही रीत आहे की नाही, मला माहीत नाही. मी घराण्याच्या सगळ्या गोष्टी जाणतो आणि ही मी कधी ऐकलेली नव्हती. पण आबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वयानं त्यांच्याहून मोठं मांडवात कोणी नव्हतं.

"राहू दे मंग," ते म्हणाले. "घातली तं घातली." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "राहू दे, बापा. डोक्यावरच राहू दे."

लहानेबाबा उठले. मला वाटलं, ते आता काही बोलतील, कोणाच्या पाया पडतील, रडतील. ते मांडवातून सरळ बाहेर पडले. पंगत बसत होती, कोणीतरी म्हणालं, "जेवून तं जा." ते थांबले नाहीत. मोटरीच्या खोलीचं दार वाजलं, आणि मग मोटर सुरू झाली. पाणी पाटात उतरल्याचा आवाज मांडवापर्यंत आला. आबांनी ताटावरून मान वर केली, ऐकलं आणि पुन्हा जेवायला लागले. लहानी आई दारात उभी होती. ती बकरीकडे वळली. तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि आत निघून गेली.

मी ओळीत परत बसलो खरा, पण माझी टोपी गेली होती. साळ्यानं एकच आणली होती. तो ओशाळून माझ्यापुढे हात जोडत राहिला आणि मी त्याला "असू दे, असू दे" म्हणत राहिलो. खरंच मला काही वाटत नव्हतं. लोकांनी माझा मोठेपणा म्हणून त्याचीही नोंद केली.

संध्याकाळी आम्ही वाशीमला निघालो. बायको मागे बसली होती. थंडी होती. मालेगाव मागे पडलं.

"आचाऱ्याला तू पाठवलं होतंस ना?" मी विचारलं.

तिनं पदर कानांवरून घट्ट गुंडाळला.

"आणि साळोबाचा चष्मा कुठे होता आज?"

"माह्या पिशवीत."

मी हसलो.

"माझी टोपी मात्र गेली," मी म्हणालो. "आता मला दुखवट्यातून कोण उठवणार?"

तिनं माझ्या पाठीला टेकवलेलं डोकं काढलं नाही. तिथूनच म्हणाली, "तुमाले कायची घाई? उठाले आधी बसा लागते. तुमी अजून बसलेच नाई."